कॅडिलॅकचा सूर्योदय आणि १७० डॉलरचे ‘परवाने’

२०२३ च्या जुलैत पुण्याहून महिनाभरासाठी आलेल्या ताई-भावोजींना घेऊन आम्ही दोघे बॉस्टनहून मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात गेलो. शनिवार-रविवार सायकली चालवायच्या, एखादा डोंगर चढायचा आणि कॅडिलॅक शिखरावरून समुद्रावरचा सूर्योदय पाहायचा, एवढाच बेत होता.

उन्हाळ्यात त्या शिखरावर मोटार नेण्यासाठी आगाऊ आरक्षण लागते, हे मी अर्धवट ऐकले होते आणि माझी सारी चूक त्या अर्धवटपणातच झाली. गूगलवर शोधल्यावर सर्वांत वर आलेली साइट ही जाहिरात आहे, हे माझ्या लक्षात आले नाही. हिरवी पट्टी, पाइनच्या झाडाचे चिन्ह आणि सरकारी वळणाची भाषा पाहून मी निर्धास्तपणे कार्डाचा क्रमांक भरला. उद्यानप्रवेशाचे ५९, सूर्योदयाच्या आरक्षणाचे ३९ आणि चौघांच्या ‘सायकल परवान्यांचे’ माणशी १८ प्रमाणे ७२, असे एकूण १७० डॉलर गेले. देशातला पहिला सूर्योदय इथेच दिसतो, असेही तिथे ठळक अक्षरांत लिहिले होते. वास्तविक कॅडिलॅकला तो मान ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतच मिळतो, पण तेव्हा हे तपासणार कोण?

शनिवारी पहाटे चारला, अंगावर स्वेटर आणि मांडीवर चहाचा थर्मास अशा थाटात, आम्ही शिखराच्या रस्त्याच्या नाक्यावर पोहोचलो. रेंजरबाईंनी विजेरीच्या उजेडात माझा छापील कागद पाहिला, त्यावरचा क्यूआर कोड यंत्राने वाचून पाहिला, मग स्वतःच्या फोनने पाहिला आणि फोन माझ्यापुढे धरला, तर त्यावर त्याच साइटचे मुखपृष्ठ उघडले होते. “असे कागद घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही,” असे त्या सौम्यपणे म्हणाल्या आणि गाडी वळवायला जागा करून दिली. भावोजी काहीच बोलले नाहीत, याचेच मला जास्त लागले.

नंतर हल्स कोव्हच्या माहिती केंद्रात चौकशी केल्यावर उरलेला उलगडा झाला. खरे आरक्षण ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी साइटवर गाडीमागे ६ डॉलरना मिळते आणि त्यातला मोठा हिस्सा दोन दिवस आधी सकाळी दहाला खुला होतो. उद्यानप्रवेशाचा पास निराळा, त्या वेळी गाडीला सात दिवसांसाठी ३५ डॉलर. धनाढ्य दानशूर जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी बांधून घेतलेल्या, मोटारींना मज्जाव असलेल्या सुमारे ७२ किलोमीटरच्या खडीच्या वाटांवर सायकल चालवायला मात्र प्रवेशपासापलीकडे कसलाही परवाना लागत नाही, म्हणजे ते ७२ डॉलर अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचे होते. पास पुन्हा विकत घेतला, ईगल लेकला सायकलींनी वळसा घातला आणि रविवारी बीहाइव्ह हा डोंगर कड्यावरच्या लोखंडी कांबी धरून चढलो. ते दोन्ही छान झाले.

घरी परतल्यावर मी कार्डाच्या बँकेकडे तक्रार केली. त्या साइटने उत्तरादाखल आपल्याच पानाच्या तळाचा, फिकट करड्या अक्षरांतला मजकूर पाठवला: आमचा सरकारशी संबंध नाही, आकारलेली रक्कम ही ‘नियोजन साहाय्याची’ आहे. ते साहाय्य म्हणजे तो कागद आणि तो मला वेळेवर मिळाला होता, असे ठरवून बँकेने तक्रार निकालात काढली.