हैदराबादचा आउटर रिंग रोड: सोलापूरहून श्रीशैलला जाताना

सोलापूरकडून मोटारीने श्रीशैलला निघालेल्या माणसाला पूर्वी मियापूर, कुकटपल्लीच्या गर्दीतून हैदराबाद पार करावे लागे आणि प्रवासाचा निम्मा शीण त्या शहरातच येई. आता पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडवर चढले की शहर डाव्या हाताला ठेवून शमशाबादच्या विमानतळावरून थेट तुक्कुगुड्याला उतरता येते, आणि तिथून श्रीशैलचा रस्ता लागतो. शहराभोवतीचा हा पूर्ण फेरा 158 किलोमीटरचा असून मुख्य रस्ता आठपदरी आहे. दुचाकींना आणि पादचाऱ्यांना वर प्रवेश नसल्यामुळे अचानक कोणी आडवे येईल ही धास्ती चालकाच्या मनातून जाते, जी आपल्याकडच्या बहुतेक महामार्गांवर कायम असते.

रस्त्याचा पृष्ठभाग आम्हाला उत्तम वाटला. कमाल वेगमर्यादा 2023 मध्ये ताशी 100 वरून 120 किलोमीटर करण्यात आली. मात्र भरलेल्या गाडीत मी शंभराच्या पुढे गेलो नाही आणि त्याची गरजही भासली नाही. कोकापेटजवळ एकीकडे काचेचे उंच मनोरे आणि दुसरीकडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे दिसतात, ते पाहण्यासाठी तरी वेग थोडा कमी ठेवावा.

या रस्त्यावर खरी कसोटी लागते ती उतरण्याची. तुक्कुगुड्याची पाटी मी वेळेवर वाचली होती, परंतु मी अगदी उजव्या लेनमध्ये होतो आणि डावीकडे मालट्रकांची सलग रांग होती. ती सरेपर्यंत उतार मागे पडला. इथे मध्येच वळता येत नाही, त्यामुळे पुढच्या रावीर्यालला उतरून सर्व्हिस रोडने मागे यावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती, हे सौ.ने परतीच्या प्रवासातही दोनदा ऐकवले. एक्झिटना क्रमांक दिलेले आहेत. आपला आणि त्याच्या आधीचा असे दोन्ही क्रमांक शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेवावेत आणि आधीचा मागे पडताच डावीकडे सरकावे.

टोल चढल्यापासून उतरेपर्यंतच्या अंतरावर आकारला जातो, ही पद्धत मला न्याय्य वाटते. आमच्या टप्प्यात चहापाण्याला थांबण्याजोगी जागा मात्र दिसली नाही. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर पटनचेरूच्या आधीच थांबून घ्यावे.