ऑनलाइन तपासणी सुरू करताय? व्हॉट्सॲप, मोठं ॲप की स्वतःचं सॉफ्टवेअर

हडपसर किंवा सिंहगड रोडला चार-पाच डॉक्टरांचं पॉलिक्लिनिक असेल आणि रुग्ण ऑनलाइन बघायचे ठरवले असतील, तर वाटा तीन: क्लिनिकच्या फोनवर व्हॉट्सॲप, एखाद्या मोठ्या ॲपवर नोंदणी, किंवा क्लिनिकच्या नावाने चालणारं भाड्याचं सॉफ्टवेअर. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (फोन, चॅट, व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक सूचनांना तिन्ही चालतात. फरक आहे तो नोंदी कोण ठेवणार आणि चुका कोण पकडणार यात. काय लिहून दिलं याची जबाबदारी तिन्हीकडे डॉक्टरचीच.

सॉफ्टवेअरचे डेमो बघण्याआधी आपले रुग्ण कोणते ते बघा. त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेला रुग्ण फॉलो-अपमध्ये मोडतो. त्याची मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) पुढे चालू ठेवता येते, गरज पडली तर तिच्या जोडीला दुसरं औषधही देता येतं. सहा महिने उलटले किंवा तक्रार वेगळी असेल तर तो नवा रुग्ण. नव्या रुग्णाला नुसत्या फोनवर किंवा चॅटवर पॅरासिटामॉल, ओआरएस अशी सूचनांमधल्या ‘ओ’ यादीतली साधी औषधंच देता येतात. त्यांतल्याच ‘ए’ यादीतल्या औषधांसाठी पहिली भेट व्हिडिओवरच हवी. मॉर्फीन, मेथिलफेनिडेट यांसारखी एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालची आणि शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालची) औषधं ऑनलाइन लिहायचीच नाहीत.

व्हॉट्सॲप

नव्वद टक्के काम जुन्या रुग्णांचं असेल तर हे पुरतं, पण शिस्त असेल तरच. गडबड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते: रुग्ण रिपोर्टचा फोटो टाकतो, डॉक्टर राउंडवर असतात, आणि रिसेप्शनवरून उत्तर जातं, ‘तीच गोळी सकाळ-संध्याकाळ चालू ठेवा.’ हे प्रिस्क्रिप्शन नव्हे. वय नाही, सही नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. वय विचारल्याशिवाय औषध लिहायचं नाही, असं सूचनांत स्पष्ट आहे. लेटरहेडवर लिहा, सही करा, स्कॅन करून पाठवा आणि त्याची प्रत त्याच दिवशी रुग्णाच्या फाइलला लावा. रजिस्ट्रेशन नंबर पावतीवर आणि व्हॉट्सॲप प्रोफाइलवरही हवा.

नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या असतात. सगळं एका हँडसेटमध्ये असेल आणि तो हरवला तर काय देणार? ‘डिसॲपिअरिंग मेसेजेस’ बंद ठेवा आणि रिसेप्शनिस्टचा स्वतःचा नंबर कधीही वापरू नका.

मोठं ॲप

इथे डॉक्टरची नोंदणी तपासणं, त्याचं नाव, पदवी, रजिस्ट्रेशन नंबर दाखवणं आणि तक्रार निवारणाची सोय करणं ही कामं ॲप चालवणाऱ्या कंपनीवर आहेत. नियम मोडणारं ॲप काळ्या यादीत जाऊ शकतं, आणि तसं झालं तर कुठल्याही डॉक्टरला ते वापरता येत नाही. नवे रुग्ण मिळतात हा मोठा फायदा.

पण करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी बघाच. एक, जाहिरात: जाहिरात करून किंवा आमिष दाखवून ऑनलाइन रुग्ण मिळवणं हे गैरवर्तन धरलं जातं. ॲपने तुमच्या डॉक्टरचा फोटो लावून ‘पहिली तपासणी मोफत’ चालवलं, तर नोटीस महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून डॉक्टरलाच येऊ शकते. दोन, औषध दुकान: प्रिस्क्रिप्शन थेट दुकानाला पाठवायचं तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते आणि दुकान कोणतं हे तो ठरवतो. आपोआप स्वतःच्याच फार्मसीकडे ऑर्डर वळवणारं ॲप आम्ही सुचवणार नाही.

स्वतःचं सॉफ्टवेअर

जुन्नर, भोरकडून नवे रुग्ण येत असतील तर आमचा कौल याला. वय भरल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन तयारच होणार नाही, मूल सोळा किंवा त्याहून लहान असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाची ओळख नोंदवल्याशिवाय कॉल लागणार नाही, अशी कुलुपं त्यात घालून घेता येतात. संमतीचंही तसंच. रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरली जाते. आशा सेविकेने लावून दिला तर त्याचा होकार मेसेज, ईमेल किंवा रेकॉर्डिंगमध्ये हवा.

बोजाही वाढतो. प्लॅटफॉर्म तुमचाच झाला म्हणजे वर सांगितलेली कंपनीची कामंही तुमची. सायबर घटना घडली तर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) सहा तासांत कळवावं लागतं आणि सर्व्हरचे लॉग (आपोआप होणाऱ्या वापराच्या नोंदी) 180 दिवस ठेवावे लागतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तांत्रिक बिघाडाने किंवा तिसऱ्याच माणसामुळे माहिती फुटली तर डॉक्टरला दोष लागत नाही, पण सेवा निवडताना वाजवी काळजी घेतलेली असावी लागते. म्हणून सर्व्हर कुठे आहे, बॅकअप किती वेळा होतो, करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे व्हेंडरकडून लेखी घ्या आणि ते पत्र करारासोबत फाइल करा. शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर न देणाऱ्याकडे पैसे भरू नका.