बँकेच्या लिलावातलं घर : आठ महिने राहून झाल्यावर

ऑफिसात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "लिलावातला फ्लॅट घेतलास ना? किती वाचले?" राहायला येऊन आठ महिने झाले, निम्मा पावसाळाही पार पडला, तेव्हा एकदाच लिहून टाकतो. आकडा आधी सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. वाचले साधारण साडेसहा लाख. बोली लावताना बारा वाचतील असं वाटलं होतं.

घर पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. दोन बेडरूम, दुसरा मजला, पंधराएक वर्षांची इमारत. जाहिरात दिसली ती पेपरातल्या जाहीर नोटिशींच्या पानावर, बारीक टायपात, 'सरफेसी कायदा २००२' अशा मथळ्याखाली. कर्ज थकलं की कोर्टात न जाता तारण घर विकायची मुभा बँकेला याच कायद्याने मिळते. त्या पानावरून आपली नजर घसरते, पण एकदा वाचायची सवय लागली की सुटत नाही. सरकारी बँकांच्या अशा मालमत्ता 'बँकनेट' पोर्टलवरही दिसतात. तिथे फोटो मात्र असा असतो की घर दाखवायचंय की लपवायचंय तेच कळत नाही.

नोटिशीत किमतीच्या आधी एक गोष्ट बघा : ताबा. 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे बँकेने घर रिकामं करून कुलूप लावलंय. 'सांकेतिक ताबा' म्हणजे दारावर कागद चिकटवलाय आणि आत माणसं जेवतायत. मग त्याच कायद्याच्या कलम १४ खाली बँकेचा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, आदेश, पोलीस बंदोबस्त. आदेशाला कायद्यात तीस दिवस, फार तर साठ. माझ्या एका सहकाऱ्याने वाघोलीकडे असा सांकेतिक ताब्यातला फ्लॅट माझ्यापेक्षा चार लाखांनी स्वस्त घेतला. तो अजून भाड्याच्या घरात राहतोय आणि विकत घेतलेल्या घराच्या हप्त्याबरोबर भाडंही भरतोय. मला विचाराल तर सांकेतिक ताब्याच्या वाटेला नोकरदार माणसाने जाऊच नये.

दुसरी बघायची ओळ 'ज्ञात बोजे' ही, म्हणजे घरावर आधीची कुणाची देणी किंवा हक्क आहेत का. तिथे आमच्या नोटिशीत लिहिलं होतं : 'बँकेला ज्ञात नाही.' मी भाबडेपणाने ते 'नाहीत' असं वाचलं. वकिलांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "नाहीत असं लिहिलेलं नाही. आम्हाला माहीत नाही, असं लिहिलंय." त्यांनी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, काढला, तो स्वच्छ निघाला. सोसायटीकडून थकबाकीचं पत्र मात्र मलाच आणायचं होतं. सेक्रेटरीकाकांकडे तीन फेऱ्या झाल्या. सत्तावीस महिन्यांचा मेंटेनन्स थकलेला, त्यावर वर्षाला २१ टक्के व्याज, मिळून एक लाख अडतीस हजार. बँक यातला एक रुपयाही देत नाही. 'जसं आहे, जिथे आहे' या चार शब्दांत हे सगळं बसतं.

पाहणीला पंचेचाळीस मिनिटं मिळाली. वीज तोडलेली, त्यामुळे मोबाइलच्या उजेडात भिंती बघितल्या. नळ सोडावा तर वरचा व्हॉल्व्ह बंद. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बाथरूमचा, हे बँकेच्या माणसाला माहीत असायचं कारणच नव्हतं. तो बिचारा सांगलीहून बदली होऊन आलेला, घर तोही पहिल्यांदाच बघत होता.

ऑनलाइन लिलाव पडला ऐन पितृपंधरवड्यात. आई म्हणाली, "अरे, या दिवसांत कुणी साधी कढई घेत नाही आणि तू घर घेतोस?" मी मनात म्हटलं, कुणी घेत नाही हेच तर हवंय. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बोली चालत नाही ती, ५० लाख ४० हजार, अनामत दहा टक्के आधीच भरलेली. बोली पंचवीस हजारांनी वाढवायची. समोर एकच जण होता. कोण ते दिसत नाही, फक्त आकडा बदलतो. एक वाजता संपायचं होतं, पण शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकतो. तो बरोबर चौथ्या मिनिटाला बोली टाकायचा. बायको शेजारी बसून घड्याळ सांगत होती. मी ५२ लाख ६५ हजारांवर गेलो आणि पलीकडे शांतता झाली. आमची मर्यादा त्रेपन्न होती. ती आदल्या रात्री कागदावर लिहून फ्रिजवर लावली होती. हे जरूर करा, कारण तिथे बसल्यावर पंचवीस हजार म्हणजे पंचवीस रुपये वाटायला लागतात.

यानंतर श्वास घ्यायला वेळ नसतो. लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत एकूण पंचवीस टक्के भरायचे, म्हणजे अनामत वजा जाता मला ८ लाख १२ हजार २५० लागले. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. नाही जमलं तर भरलेले पैसे जप्त. पंधरा दिवसांत गृहकर्ज हातात पडणं हा योग पत्रिकेत असावा लागतो. आम्ही मुदत ठेवी मोडल्या, बायकोने सोनं गहाण ठेवलं, तरी वीस लाख कमी होते. कर्ज दुसऱ्या एका बँकेकडून मंजूर झालं ते चोविसाव्या दिवशी. वाचलो ते एवढ्यामुळेच, की सहाव्या दिवशीच मुदतवाढीचा अर्ज देऊन लेखी उत्तर घेतलं होतं. नियमात तीन महिन्यांपर्यंत वाढ देता येते, पण ती लेखी लागते. फोनवरचं "बघू हो साहेब, होऊन जाईल" नाही चालत.

करकपातीत एक गंमत आहे. पन्नास लाखांच्या वरचं घर म्हणून एक टक्का, ५२ हजार ६५० कापून भरायचे होते. विक्रेता म्हणून पॅन कुणाचा? बँकेने पत्रात जुन्या मालकाचा दिला. त्या फॉर्मवर त्यांचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं. तोवर ते माझ्यासाठी नुसते 'कर्जदार' होते.

विक्री प्रमाणपत्र, मुद्रांक शुल्क सात टक्के, नोंदणी फी तीस हजार, दुय्यम निबंधकांकडे सही-अंगठे, हे सगळीकडे होतं तसं झालं. त्यानंतरचा काळ जास्त अवघड. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराला पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. लिलावाची सूचना छापून आली की पैसे भरून घर सोडवायचा हक्क संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. पण कारवाईत चूक झाली असेल तर सगळं पुन्हा उघडू शकतं. म्हणून वकिलांनी सांगितलं, पंचेचाळीस दिवस आत खिळासुद्धा ठोकू नका. आम्ही संध्याकाळी फिरायला म्हणून जायचो आणि खालून आपल्याच बंद खिडक्या बघून परत यायचो.

चावी मिळाली त्या दिवशीचं एक सांगतो. पंचनाम्याची यादी हातात घेऊन बँकेचे अधिकारी एकेक वस्तू तपासत होते. जुनी गादी एक, प्लास्टिक खुर्च्या दोन, लाकडी देव्हारा एक. देव्हाऱ्याचं दार उघडलं तर आत देव तसेच. खंडोबाचा टाक, देवीचा टाक, रांगणारा बाळकृष्ण, वाळलेलं झेंडूचं फूल. अधिकारी यादी चाळून म्हणाले, "यात देव धरलेले नाहीत." मग आम्ही तिघं गप्प उभे राहिलो. दुसऱ्याचे कुलदेव घरात ठेवून आपण त्यांची पूजा करायची? का करायची नाही? शेवटी आईने फोनवरून निकाल दिला : "दिवा लाव आणि ज्यांचे आहेत त्यांना निरोप धाड."

माझा मावसभाऊ अमेरिकेत फीनिक्सला असतो. २००८ च्या मंदीनंतर तिथे घरांच्या किमती कर्जापेक्षाही खाली गेल्या होत्या, त्या काळात त्याने 'शॉर्ट सेल'मधून घर घेतलं. त्यात बँक कर्जापेक्षा कमी रकमेवर समाधान मानते, पण विकतो घरमालकच. बँकेच्या होकारासाठी त्याला पाच महिने ताटकळावं लागलं, पण घर दाखवायला मालक स्वतः होता आणि गीझर कधी बदलला तेही त्यानेच सांगितलं. आपल्या लिलावात घराची खडान्‌खडा माहिती असलेला एकमेव माणूस व्यवहारात नसतोच. त्यापायी माझे किती गेले ते मोजलंय. बंद व्हॉल्व्ह कुठला ते न कळल्याने बाथरूमची फरशी विनाकारण फोडली, तिथे अठरा हजार. एकूण दुरुस्ती दोन लाख ऐंशी हजार. मिळकतकराची थकबाकी, वर महिन्याला दोन टक्के शास्ती, मिळून एक्केचाळीस हजार. जुनं वीजबिल एकोणीस हजार, ते भरल्याशिवाय नवा मीटर नाही. वकील पंचवीस हजार. सोसायटीचे एक लाख अडतीस हजार वर आलेच. चार महिन्यांचं जास्तीचं भाडं धरा. आसपास असा फ्लॅट पासष्टला जातो. करा वजाबाकी.

मनस्ताप झाला तो सोसायटीचा. कमिटीतल्या एकाने हस्तांतरण शुल्क म्हणून 'इमारत निधी'सकट एक लाख मागितले. पंचवीस हजारांच्या वर हस्तांतरणाचा प्रीमियम घेता येत नाही, हे उपविधीचं, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीचं, पान दाखवल्यावर गोष्ट पंचवीसवर आली. शेजारचे मात्र कित्येक दिवस बोलेनात. त्यांच्या लेखी आम्ही दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेणारे. अगदीच खोटं कसं म्हणू?

जुने मालक आले एका रविवारी सकाळी. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, चपला दाराबाहेर काढून उंबऱ्यावरच उभे. बायको म्हणाली, "अहो, आत या ना." चहा घेतला नाही, पाणी घेतलं. टाक एकेक करून नव्या रुमालात बांधले. देव्हारा नको म्हणाले, आता जिथे राहतो तिथे जागा नाही. निघताना बाथरूमच्या फोडलेल्या फरशीकडे बघून हसले : "व्हॉल्व्ह डक्टमध्ये आहे हो. किचनच्या खिडकीतून हात जातो."

मग आपण होऊन बेडरूमच्या खिडकीशी गेले. म्हणाले, सज्जावर खालच्या बदामाची पानं पडतात, पन्हळीचं तोंड बुजतं आणि पाणी भिंतीत मुरतं. मेअखेरीस तेवढा हात फिरवा.

मे महिना मुलीच्या ॲडमिशनमध्ये गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पाऊस लागला आणि पहाटे पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर नकाशा उमटला. स्टुलावर चढून खिडकीतून हात घातला तर बदामाच्या पानांचा काळा, कुजलेला गोळा बाहेर आला आणि तुंबलेलं पाणी खळखळून उतरलं. प्लास्टरचे चौदा हजार झाले. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.