ठाणे की शहापूर : लहान मुले असलेल्या कुटुंबासाठी

घोडबंदर रस्त्यावरील घर सोडून मुलांसह त्याच जिल्ह्यातील शहापूरला राहायला जाण्याचा विचार करताना जागेबाबत शहापूर उघडच सरस ठरते. तेवढ्याच भाड्यात अंगणासह घर मिळू शकते आणि मुलांना खेळण्यासाठी वाहनतळाचा कोपरा शोधावा लागत नाही.

प्रवासाचे गणित मात्र अवघड आहे. शहापूर गावात रेल्वे स्थानक नसल्याने आसनगाव गाठावे लागते, आणि कसारा मार्गावरील लोकल ठाणे-कल्याण पट्ट्याच्या मानाने इतक्या विरळ आहेत की संध्याकाळची एक गाडी चुकली, तर मुले झोपण्यापूर्वी घरी पोहोचणे कठीण होते. आई-वडील दोघेही ठाण्यात नोकरी करत असतील, तर मुलांना सांभाळणार कोण, हे आधी ठरवावे. ठाण्यात पाळणाघरे जागोजागी आहेत, शहापूरला बहुधा आजी-आजोबांवरच भिस्त राहील.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय असल्याने लसीकरणाची आणि साध्या दुखण्यांची सोय होते, परंतु बालरोगतज्ज्ञांची निवड आणि मुलांसाठीचा अतिदक्षता विभाग हवा असेल, तर ठाणेच बरे.

पाण्याची चौकशी उन्हाळ्यातच करावी. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात असूनही (हा विरोधाभास तिथल्या लोकांना नवा नाही) अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते.

एकाची नोकरी घरून होत असेल आणि मुले चौथीच्या आतली असतील, तर माझा कौल शहापूरला. मात्र ठाण्याचे घर विकण्यापूर्वी शहापूरला वर्षभर भाड्याने राहावे.