गावच्या भिंतीवर सायबर सुरक्षा: चित्रं दमदार, रंग कच्चा

यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यात भिंती रंगवणारे काही पेंटर आता ग्रामपंचायतींना ऑनलाइन फसवणुकीची चित्रंही काढून देतात. त्यांच्या कामाबद्दल थोडं.

सगळ्यात जमलेली भिंत अंगठ्याची. पैसे काढायला आलेली आजी, समोर मशीन घेऊन बसलेला पोरगा आणि त्याच्या तोंडी, ‘मशीन चालून नाही राह्यली आजी, परत आंगठा द्या.’ आजीचं उत्तर: ‘पयले पावती दाखव.’ नेमकं बोट ठेवलंय. आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही. पहिल्याच अंगठ्यात रक्कम निघते, ‘फेल झालं’ सांगून ती खिशात जाते. बाकी पोस्टरं मात्र ओटीपीतच अडकलेली.

इथे एक ओळ हवी होती: आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा वगैरे, लॉक करता येतं, मोबाइल नंबर आधारला जोडलेला असला की झालं. पण लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, आधी तात्पुरतं उघडावं लागतं. हे न सांगता नुसतं ‘लॉक करा’ लिहिलं, तर रेशन दुकानात बोंब होईल.

यूपीआयची भिंत छोटी आणि चोख: ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही.’ बस्स. योजनेच्या नावानं व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलची भिंत मात्र मजकुरानं खच्चून भरलीय. तीन इंचाखालची अक्षरं रस्त्यावरून कोण वाचणार?

हातानं रंगवलेला क्यूआर कोड तर काढूनच टाका. चौकोन फार वाकडे झाले की तो स्कॅन होईलच असं नाही, वर कोणी दुसरं स्टिकर चिकटवलं तर? अनोळखी कोड स्कॅन करू नका म्हणायचं आणि खाली कोड द्यायचा, हे काही बरं नाही. त्या जागी १९३० हा हेल्पलाइन नंबर हातभर उंच लिहा. पैसे गेल्यागेल्या फोन केला तरच ते पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात.

रंगात मंडळी कमी पडतात. जुन्या चुन्यावर थेट डिस्टेंपर मारला की पहिल्या पावसाळ्यात पोपडे निघतात. चुना खरवडून, भिंत धुऊन, सिमेंट प्रायमर आणि वर बाहेरच्या भिंतीचं इमल्शन, एवढं हवंच. स्वस्तातला लाल उन्हात विटतो. नंबर पिवळ्यावर काळा घ्या. खालचे दोन फूट चिखल उडतो, तिथे मजकूर नको.

खरवडणं दरात धरलंय का, ते आधीच विचारा. आणि काम दिवाळीनंतर द्या. मे महिन्यात भिंत एवढी तापते की रंग ब्रशखालीच वाळतो.