गंजगोलाईजवळचं असेंबल पीसीचं दुकान: टेस्टिंग बघून घ्या

लातूरला गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एकाच्या आतल्या गल्लीत हे छोटं दुकान आहे. मी औशात घरूनच वेब प्रोग्रॅमिंगचं काम करते. त्यासाठी पीसी इथूनच असेंबल करून घेतला.

काउंटरवरच्या चहाच्या थर्मासवर मोठ्ठा "४१८" चिकटवलाय. तो बघून मला हसूच फुटलं. १९९८ च्या १ एप्रिलला कॉफीयंत्रांसाठी एक गमतीचा इंटरनेट प्रोटोकॉल निघाला होता. त्यात किटलीला कॉफी करायला सांगितलं की ती ४१८ एरर देते: मी चहाची किटली आहे! मालक म्हणाले, "ताई, कोडिंग करता वाटतं. मग आधी काम सांगा, प्रोसेसर नंतर ठरवू."

गेम खेळायचे नाहीत म्हटल्यावर ग्राफिक कार्ड त्यांनीच काढून टाकलं. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला, ६ कोर, ग्राफिक्स आतच. दुसरीकडच्या कोटेशनमध्ये १६ जीबीची एकच रॅम होती. इथे ८-८ च्या दोन लावल्या. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे दोन चॅनल (रॅमकडे जाणारे दोन समांतर मार्ग) मिळाले की फरक चांगलाच जाणवतो. मग बायोस (पीसीची मूळ सेटिंग्ज) उघडून दाखवलं. रॅम २६६६ च्या वेगावर चालत होती. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग, चालू केलं, ३२०० झाली. "पैसे ३२०० च्या रॅमचे घेतले, तर चालायला पण तेवढीच पाहिजे."

टेस्टिंगच्या टेबलावर पाटी आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." बग सापडला की आम्ही प्रोग्रॅमर हेच सांगून मोकळे होतो. इथे मात्र ग्राहकाच्या घरी काय होईल ते आधी बघतात. एसी नसलेल्या मागच्या खोलीत रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी), मग प्रोसेसरवर फुल लोड. माझ्यासमोर ८२ अंश दाखवलं. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा एसी शोरूममधला आकडा काय कामाचा? कॅबिनेटही पुढून जाळीचं दिलं, धुळीचा फिल्टर काढून धुता येतो.

तक्रार एकच, सांगितलेल्या दिवशी मशीन मिळत नाही, आणि उशीर होतोय हा फोन आपणच करायचा. वॉरंटीची बिलं मात्र पार्टनिहाय वेगळी मिळाली. आजच्या आज पीसी घरी न्यायचा असेल तर इथे जाऊ नका. थांबायची तयारी असेल तर नक्की जा, आणि औसा-निलंग्याकडून येणार असाल तर यूपीएसचंही तिथेच विचारा.