जुन्या मोंढ्यातली खारीक: माल घ्या, बरणी नको

डिंकाच्या लाडवांचं सामान घ्यायचं तर छत्रपती संभाजीनगरात मी जुना मोंढाच गाठते. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय. गुलमंडीवर पाकीटबंद खारीक मिळते, पण ती ना वाजवून बघता येते ना फोडून. जाफर गेटकडच्या या दुकानात शेठ स्वतः अडकित्त्यानं चार खारका फोडून हातावर ठेवतो. आत जाळी किंवा काळी भुकटी दिसली की पोतं बाजूला. मी घेतली ती बारीक सुरकुत्यांची, बी सडपातळ, दाताखाली कडक पण चघळली की गोड. बिया काढून दळूनही देतात. फक्त जाडसर दळा म्हणून बजावा, नाहीतर पीठ करून ठेवतात आणि लाडू टाळूला चिकटतो.

भाव कमी करा म्हणलं, तर शेठनं गल्ल्याखालून वेगळी बरणी काढली. "वहिनी, ही असली सिंधची, सक्खरची. दुबईवरून आलीय. किलोमागं दीडशे जास्त." पाठीमागचा हमाल तोंड फिरवून हसायला लागला.

आता, पूर्वी आपल्याकडं येणारी खारीक मुख्यतः सक्खर-खैरपूरचीच असायची, हे खरंय. पण पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावलं, ऑगस्टात त्यांनी व्यापारच थांबवला. पहलगामनंतर २ मे २०२५ पासून तर तिसऱ्या देशातून फिरवूनही तिकडचा माल आणता येत नाही. त्याच जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं दुबईचा म्हणून आलेला पाकिस्तानी माल पकडला, त्यात खारीकही होती. ३९ कंटेनर, १,११५ टन, किंमत नऊ कोटींच्या आसपास. म्हणजे बरणीतली खारीक खरंच सिंधची असेल तर एक तर चोरट्या वाटेची किंवा शिळी. आणि नसेल, तर दीडशे रुपये कशाचे?

"दिवाळीपर्यंत खुलं व्हायलंय बघा सगळं," असंही शेठ म्हणाला. मला नाही वाटत. २०१९ पासून दिल्लीत त्यांचा उच्चायुक्त नाही, इस्लामाबादेत आपला नाही. २०२५ मध्ये दोन्ही कचेऱ्यांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरलं, अटारी बंद झाली, सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला. १९७१ ला तुटलेले राजनैतिक संबंध १९७२ चा सिमला करार होऊनसुद्धा १९७६ ला जुळले, आणि त्याच जुलैत समझौता एक्सप्रेस सुटली. तेव्हा हातात निदान एक करार होता. १० मे २०२५ ला गोळीबार थांबवायचं ठरलं ते लष्करी अधिकाऱ्यांच्या फोनवर. एकमेकांच्या कैदेतल्या लोकांच्या याद्या तेवढ्या १ जानेवारी आणि १ जुलैला द्यायची रीत आहे, ती २०२५ च्या जुलैतही पाळली गेली. एवढं जिवंत आहे म्हणून पुढं कधीतरी उच्चायुक्त परत जातील, असं मी धरून चालते. पण आधी ते, मग व्हिसा, मग व्यापार. खारकेचा नंबर फार मागं. आणि पहलगामात २६ माणसं गेल्यावर मला तरी स्वस्त खारकेची घाई नाही.

एकादशीसाठी शेंदेलोणही बघितलं. पाकिटावर मूळ देशाचं नावच नाही, आयात मालावर ते छापावं लागतं. विचारलं तर म्हणे, "गुजरातचं आहे." गुजरातेत समुद्राचं मीठ पिकतं हो! खडकाचं आपल्याकडं हिमाचलात मंडीला थोडंफार निघतं. ठेवून दिलं.

गोडंबी ताजी, खोबरं खवट नाही, भाव गुलमंडीपेक्षा कमी. दुपारी टेम्पो रस्ता अडवून उभे असतात, तेव्हा गाडी लांब लावून चालत जा. पाचपैकी साडेतीन. एक गुण बरणीचा कापला, अर्धा मिठाचा.